टक्केवारी काढली, पण नक्की कोणाची?

'कोर्स पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी कमी, म्हणजे त्या काउंटीचा पुनर्वसन कार्यक्रम फसला' हे अमेरिकेतल्या काउंटी जेलमधल्या (जिल्हा पातळीवरच्या तुरुंगांतल्या) कोर्सेसवरच्या लेखातलं गणित पटलं नाही. या जेलमधले बहुसंख्य लोक अजून दोषीच ठरलेले नसतात. कोणाला जामीन मिळतो, कोणावरचा खटला मागे घेतला जातो. कॅलिफोर्नियातल्या एका जेलमध्ये मी स्वयंसेवक म्हणून जीईडी (शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीच्या, बारावीच्या तोडीच्या) परीक्षेचं गणित शिकवायचो. पोराला अपूर्णांक जरा जमायला लागले की पुढच्या आठवड्यात खुर्ची रिकामी. विचारलं तर, 'सुटला'. चांगलंच झालं की! पण रजिस्टरमध्ये शेरा 'अपूर्ण', आणि मारामारी केली म्हणून वर्गातून काढलेल्यालाही तोच शेरा.

२०११च्या एबी १०९ कायद्यानंतर कॅलिफोर्नियात बऱ्याच अहिंसक गुन्ह्यांची शिक्षा राज्याच्या तुरुंगाऐवजी काउंटी जेलमध्येच भोगायची असते. ही मंडळी महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही आत असतात. त्यांना ही टक्केवारी खुशाल लावा, पण कच्च्या कैद्यांचा हिशेब वेगळा ठेवा. शिवाय पुन्हा गुन्ह्याकडे वळणं मोजायचं कसं? तुरुंग-सुधारणेवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या मंडळाची (बीएससीसी) व्याख्या सुटकेनंतर तीन वर्षांत केलेल्या नव्या गुन्ह्यात दोषी ठरणं अशी आहे. नुसती अटक मोजली तर आकडा आपोआप फुगतो. लेखातल्या तक्त्यात यातलं काय मोजलंय, ते लिहिलेलंच नाही. आणि पहारेकरी कमी म्हणून किती वर्ग रद्द झाले, हा रकाना तर कुठल्याच अहवालात माझ्या पाहण्यात आला नाही.