कुत्र्याचं नाक ओलं, म्हणजे तब्येत ठणठणीत?

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश कायम फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. नाक ओलं आणि थंड असेल तर कुत्रा ठणठणीत. जेवतोय, शेपटी हलवतोय म्हणजे त्याला काही दुखत नाही. रोजच्या खाण्यात लसूण घातला की गोचीड लागत नाहीत. ढुंगण घासत चालला तर जंत झालेत. जखम चाटू द्या. घरातच राहणाऱ्या कुत्र्याला लस कशाला? ताप आला तर माणसाची गोळी अर्धी करून द्या, विषारी काही खाल्लं तर मीठपाणी पाजा. आणि काहीही झालं तरी आधी दोन दिवस वाट बघा, कुत्रा आपलं आपण बरं करून घेतो.

यातल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच हा संदेश मरत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

"नाक ओलं आणि थंड, म्हणजे तब्येत चांगली"

नाक ओलं राहतं ते तिथल्या स्रावामुळे आणि कुत्रा ते सतत चाटत असतो म्हणून. झोपेत चाटणं थांबतं, त्यामुळे नुकत्याच उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाकही कोरडं आणि कोमट लागतं. उतारवयात नाकाची कातडी जाड होऊन कायमची कोरडी राहू शकते. उलट, पार्व्हो या विषाणूच्या आजाराने रक्ताचे जुलाब होत असलेल्या पिल्लाचं नाक छान ओलं असू शकतं. नाकाकडे बघायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टींसाठी बघा: पिवळा-हिरवा शेंबूड, रक्त, काळा रंग उडून पडलेले फिके चट्टे. स्राव एकाच नाकपुडीतून येत असेल तर आत काहीतरी अडकलंय, वरच्या दाताच्या मुळाशी पू झालाय किंवा गाठ आहे, अशी शंका घ्यायची असते.

ताप मोजायला थर्मामीटरच लागतो. डिजिटल, लवचीक टोकाचा, आणि फक्त कुत्र्यासाठी वेगळा ठेवलेला. टोकाला थोडं व्हॅसलिन लावा. एकाने कुत्र्याचं डोकं छातीशी धरायचं, दुसऱ्याने शेपटी उचलून टोक गुदद्वारात साधारण दोन सेंटीमीटर आत, हलकं फिरवत सरकवायचं. लहान पिल्लाला एक सेंटीमीटर पुरतं. टोक आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे, विष्ठेत रुतलं तर आकडा कमी येतो. खेळून किंवा घाबरून आलेल्या कुत्र्याचं तापमान वाढलेलं असतं, म्हणून आधी अर्धा तास शांत बसू द्या.

नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस. माणसाच्या 37 ची सवय असल्याने 38.8 दिसलं की लोक घाबरतात; ते अगदी ठीक आहे. 39.5 च्या वर ताप धरा. 41 च्या वर किंवा 37.2 च्या खाली असेल तर लगेच निघायचं.

नाकापेक्षा हिरड्या फार जास्त सांगतात. वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने दाबा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि बोट काढल्यावर 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय. फिकी हिरडी म्हणजे रक्त कमी किंवा शॉक, पिवळी म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे ऑक्सिजन कमी, विटकरी लाल म्हणजे उष्माघात किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

तिसरी मोजणी झोपेतल्या श्वासाची. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. गाढ झोपेत मिनिटाला 30 च्या आत यायला हवेत. हृदयात मर्मर (ठोक्यांसोबत ऐकू येणारा जादा आवाज) असलेल्या वयस्कर कुत्र्यात हा आकडा वाढत जाणं हे फुप्फुसांत पाणी साचू लागल्याच्या अगदी सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक आहे. कुत्रा धडधाकट असतानाच हे तिन्ही आकडे लिहून ठेवा. नाहीतर आजारपणात तुलना कशाशी करणार?

"जेवतोय, शेपटी हलवतोय, म्हणजे दुखत नाही"

दातांच्या मुळाशी पू झालेला कुत्राही जेवतो. फक्त एका बाजूने चावतो, दाणे तोंडातून पाडतो, कडक खेळण्याकडे पाठ फिरवतो. डोळ्याखाली अचानक सूज आली तर ती बऱ्याचदा वरच्या मोठ्या दाढेची असते, आणि ही दाढ अनेकदा हाड चघळताना तुटलेली असते.

सांधेदुखीत कुत्रा केकाटत नाही. जिन्याशी थबकतो, उठताना पुढच्या पायांवर जास्त जोर देतो, एकाच जागी सारखं चाटून तिथले केस तांबूस करतो. दुखऱ्या पायावर भार पडत नाही म्हणून त्या पायाची नखं कमी झिजतात. दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन्ही हातांत धरून बघा, दुखऱ्या बाजूचा स्नायू बारीक लागतो. हे करायला अर्धं मिनिट पुरतं आणि फार कमी लोक करतात.

शिवाय काही आजारांत भूक वाढते. मधुमेहात आणि कुशिंगच्या आजारात (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होतं) कुत्रा अधाशासारखा खातो, आणि घरचे खूश असतात. तिथे पाण्यावर नजर हवी. सकाळी भांड्यात मोजून पाणी ओता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. दिवसाला किलोमागे 100 मिलिलीटरपेक्षा जास्त, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याने लिटरभराहून जास्त पाणी पिणं हे तपासणीचं कारण आहे.

"लसूण घाला, गोचीड लागत नाहीत"

संदेशातला सर्वांत लाडका मुद्दा हाच, आणि दुहेरी नुकसान करणाराही हाच. लसणाने गोचीड दूर राहतात याला भरवशाचा पुरावा नाही. लसूण आणि कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं मात्र कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात, पेशी फुटू लागतात आणि रक्त कमी होतं. एका पाकळीने धडधाकट मोठा कुत्रा दगावत नाही हे खरं. पण संदेश "रोज" म्हणतो, आणि रोजच्या थोड्या मात्रेनेही हळूहळू इजा होऊ शकते. शिजवल्याने हा दोष जात नाही. पावडर तर अधिकच तीव्र. परिणाम खाल्ल्यावर काही दिवसांनी दिसतो: फिक्या हिरड्या, धाप, लालसर-तपकिरी लघवी. तोवर लसणाशी कोणी संबंधही जोडत नाही.

दुसरं नुकसान म्हणजे खरा उपाय होत नाही. तपकिरी गोचिडातून कुत्र्याला एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तपेशींवर उठणारे आजार होतात. त्यातला एर्लिकिया गोचीड चिकटल्यापासून काही तासांतही शिरू शकतो, तेव्हा "रविवारी अंघोळीच्या वेळी काढू" चालत नाही. बाहेरून आल्यावर कानांच्या आत, पापण्यांवर, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. गोचीड काढायला बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी चिकटून तोंडाजवळ पकडा आणि एकसारख्या जोराने सरळ ओढा. पोट दाबायचं नाही. तेल, रॉकेल, पेटती काडी यांनी चिडलेला गोचीड आतलं जखमेत ओकण्याचा धोका असतो. काढलेला गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे घरात असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतींच्या भेगांत, बिछान्याच्या शिवणीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून एकदा औषध लावून तीन आठवड्यांनी "पुन्हा आले" म्हणणाऱ्यांकडे ते बहुधा बाहेरून आलेलेच नसतात. भेगा बुजवा, बिछाना गरम पाण्यात धुवा, आणि कुत्र्याचं औषध सलग काही महिने चालू ठेवा.

हल्लीच्या चघळायच्या गोळ्या प्रकारानुसार महिनाभर किंवा जवळपास तीन महिने चालतात. त्या गोचीड चावल्यावर त्याला मारतात, त्यामुळे अंगावर मेलेले गोचीड सापडले तर गोळी लागू पडली नाही असं समजू नका. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध आणू नका, मांजर त्याने दगावू शकतं.

गोचीडतापाची, म्हणजे वरच्याच आजारांची, लक्षणं गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी येतात: ताप, मलूलपणा, खाणं सोडणं, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल टिपके. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स सहसा 28 दिवसांचा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा जेवायला लागतो आणि गोळ्या तिथेच थांबतात. मग आजार आत दबून राहतो आणि महिन्यांनी थेट अस्थिमज्जेवर उठतो.

"ढुंगण घासतो म्हणजे जंत"

कधीकधी. पण जास्त वेळा कारण असतं गुदद्वाराशेजारच्या दोन ग्रंथी तुंबणं. घड्याळाच्या तबकडीवर चार आणि आठ असतात तिथे त्या असतात. मासळीसारखा उग्र वास, शेपटीखाली सारखं चाटणं ही खूण. नुसतं जंताचं औषध देत राहिलात तर ग्रंथीत पू होऊन ती बाहेर फुटते. त्वचेची ॲलर्जी आणि पातळ शी हीसुद्धा कारणं असतात. शेपटीखालच्या केसांवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. ते बहुधा पिसवांमधून येतात, तेव्हा पिसवा न मारता नुसतं औषध दिलं तर पुन्हा होणारच.

पिल्लांचं गणित निराळं. गोलजंत आईच्या पोटातच पिल्लांत येतात, म्हणून औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू होतं, आठव्या आठवड्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. मात्रा वजनावर ठरते. वजन अंदाजाने नको, काट्यावर करा.

जखम चाटण्याबद्दल थोडक्यात: लाळेत थोडे जंतुनाशक घटक आहेत हे खरं, पण तोंडात जंतूही भरपूर आहेत आणि खरखरीत जीभ टाके उसवते. गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घाला, म्हणजे तोंड जखमेपर्यंत पोचत नाही.

"घरातल्या कुत्र्याला लस नको"

पार्व्होचा विषाणू घरात यायला दुसरा कुत्रा लागत नाही, तुमच्या चपला पुरतात. सावलीतल्या मातीत तो अनेक महिने टिकतो. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाही. जागा आधी स्वच्छ धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी 10 मिनिटं राहू द्यावं लागतं. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार उंदराच्या मुतातून येतो आणि माणसालाही होतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळजवळ उरत नाही.

"लस देऊनही पार्व्हो झाला" ही तक्रार खरी असते, कारण मात्र वेगळं असतं. आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीला निकामी करतात आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी संपतात. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत जायचे आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा. सहाव्या आठवड्यातल्या एका डोसवर थांबलेलं पिल्लू उघडंच राहतं.

अर्धी गोळी आणि मीठपाणी

आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. सुरक्षित आणि घातक मात्रेत अंतर फार कमी. पॅरासिटामोल यकृतावर जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं, हिरड्या चॉकलेटी होतात. आणखी एक अडचण कोणी सांगत नाही: अशी गोळी दिलेली असली की डॉक्टरांना कुत्र्याचं खरं वेदनाशामक काही दिवस देता येत नाही. दिलीच असेल तर लपवू नका.

मीठपाण्याने रक्तातलं सोडियम चढतं, कंप आणि झटके येतात. ॲसिड, फिनाइल, रॉकेल, टोकदार वस्तू यांत तर उलटी करवणंच चूक. उलटी करवायची झाली तर ती डॉक्टरांनी इंजेक्शनने, आणि शक्यतो खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत. तेवढ्यात वेष्टण, अंदाजे किती खाल्लं, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन एवढं हाताशी ठेवून फोन करा. शुगर-फ्री च्युइंगगममधल्या झायलिटॉल या गोडव्याच्या द्रव्याने अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळते. डार्क चॉकलेट, द्राक्षं, मनुके यांतही "बघू काय होतं" करू नका.

"दोन दिवस वाट बघा"

मोठा कुत्रा एकदा ओकला, पण तरतरीत आहे, पाणी पितोय आणि ते पोटात ठरतंय, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. पिल्लाबाबत तेवढंही नाही. पोट फुगलंय आणि कुत्रा ओकारी काढतोय पण बाहेर काही पडत नाही, असं मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यात दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. हातात काही तासच असतात. पाय वर करूनही लघवीचा थेंब न येणं, पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फिट, 24 तासांत दुसरी फिट, यातही लगेच निघायचं. उष्माघातात तर निघण्याआधीच साध्या पाण्याने अंग भिजवून पंखा लावायचा आणि मग निघायचं.

शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीत माजानंतर दोन ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. ती खूप पाणी पिते, मलूल होते, ओकते. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर पू अजिबात दिसत नाही, आणि या प्रकारात धोका जास्त असतो. माजाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि अशी लक्षणं दिसली की डॉक्टरांना ती तारीख आधी सांगा.