भोके बुजवून मिळतील

आमच्या बागेच्या नव्या भिंतीला ठेवलेली सगळी भोके कोणीतरी बुजवली आहेत, आणि ते कोणीतरी म्हणजे गल्लीपलीकडचे काका आहेत, हे त्यांनी स्वतःच आज सकाळी मोठ्या समाधानाने सांगितले. जुन्या बनियनचे बोळे आत कोंबून वरून पांढऱ्या सिमेंटचा हात फिरवला होता. "तुम्हाला वेळ नसतो, म्हटलं आपणच करून टाकू," असे ते म्हणाले. मला त्यांचे आभार मानावे लागले, आणि ते मी मानलेही, याची चीड अजून गेलेली नाही.

नागपुरात सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या उतारावर आमचे घर असून बाग गल्लीपेक्षा ५ फूट उंच आहे. तिथली जुनी दगडी भिंत पोट सुटल्यासारखी गल्लीकडे फुगली, तेव्हा आरसीसीची भिंत बांधण्याचे ठरले. बागेतली माती काळी, म्हणजे पावसाळ्यात पाणी पिऊन फुगणारी आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. ही माती भिंतीला खेटून भरू नये, एवढे विदर्भातल्या कुठल्याही घरमालकाला ठाऊक असते. मिस्त्रीला मात्र खणून काढलेली तीच माती परत आत लोटायची होती, कारण ती गेली नाही तर तिच्या वाहतुकीचे पैसे वाचतात आणि ते माझ्याकडून घेतलेलेच असतात. सळईच्या बाबतीत त्याचे मत अधिक उदार होते. माती भिंतीला बाहेर ढकलते, भिंत गल्लीकडे वाकू पाहते आणि ताण पडतो तो मातीकडच्या अंगाला. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून उभ्या सळयांची मुख्य जाळी मातीच्या बाजूला हवी. यावर तो म्हणाला, "साहेब, मधोमध टाकतो ना, दोन्हीकडून काम येईल." शेवटी सळया बांधून होईपर्यंत मी खुर्ची टाकून तिथेच बसलो.

काकांचे लक्ष मात्र सळयांकडे कधीच गेले नाही. सेंट्रिंग निघाले, दर ४ फुटांवर ३ इंची पीव्हीसी पाइपांची तोंडे दिसली, आणि ते जे थांबले ते थांबलेच.

"ही भोकं राहून गेली का जी?"

"राहिली नाहीत काका, ठेवली आहेत. मागचे पाणी निघून जायला."

"मागं पाणी कुठून आलं? विहीर आहे का?"

"पावसाचे. मातीत मुरते ते."

"मातीतलं पाणी झाडं पितात."

"सगळे नाही पीत."

"मग उरलेलं खाली जातं. खाली काय फरशी बसवली आहे पृथ्वीला?"

पृथ्वीच्या फरशीवर मला उत्तर सुचले नाही. मी आकड्यांकडे वळलो. भिंतीमागे ५ फुटांपर्यंत पाणी तुंबले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकट्या पाण्याचाच रेटा १,१०० किलोंहून अधिक भरतो, मातीचा वेगळा. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मोजलं कोणी?" मातीच्या रेट्याचे गणित कुलोम नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याच्या १७७६ साली छापलेल्या निबंधात आहे, हे मी सांगितले. विद्युतभाराच्या नियमासाठी शाळेत ज्याचे नाव पाठ करावे लागते तोच हा. त्याआधी तो मार्टिनिक बेटावर किल्ला बांधत होता. "मग नागपूरची माती त्यानं कुठं पाहिली?" हा काकांचा प्रश्न, आणि काळ्या मातीपुरता तो दुर्दैवाने बिनतोड होता.

मग साप आले. भोकातून साप शिरतील, उंदीर शिरतील. पाइपांच्या मागे फूटभर जाडीचा गिट्टीचा थर आहे आणि त्यावर जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारे कापड आहे, असे सांगताच काका हसले. "जमिनीत कापड गाडलं? बरं झालं, कोणाला सांगू नका." शेवटचा पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या कंपाउंड वॉलकडे बोट दाखवले: इतकी वर्षे झाली, एक भोक नाही. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना जमीन एकाच पातळीवर आहे, ती बोगनवेलीखेरीज काहीही पेलत नाही, आणि कोपऱ्यातली तिरपी भेग झाकण्यासाठीच ती बोगनवेल आहे, हे शेजारधर्म म्हणून मी बोललो नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांमध्ये घुसले, तेव्हा आमच्या गल्लीतही पाण्याच्या वाटांवर महिनाभर गंभीर चर्चा चालली होती आणि अध्यक्षस्थानी अर्थातच काका होते. तेच काका परवाच्या पावसात माझ्या पाइपांमधून पाण्याची धार लागलेली पाहून, म्हणजे या भिंतीने जन्मात प्रथमच आपले काम नेमके केलेले पाहून, हळहळले आणि बनियन घेऊन आले. मला राग येतो तो याचा. गिट्टी, कापड, सळयांचे पायथ्याशी दिलेले वळण, यांवर पैसा आणि झोप दोन्ही गेली. ते सारे मातीआड गेले, त्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. दिसतात ती भोके, आणि त्यांच्याविषयी प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला मत आहे. शिवाय उपकार करणाऱ्यावर ओरडताही येत नाही.

दुपारी छिन्नीने सिमेंट उकरत होतो. जपूनच, कारण घाव चुकला तर पाइप फुटायचा. तेवढ्यात फोन आला. वॉटरप्रूफिंगवाला होता. "काकांनी नंबर दिला, तुमची नवी भिंत गळते म्हणाले." भिंत गळत नाही, तिने गळायलाच हवे, असे मी म्हणालो. त्याने क्षणभर विचार केला आणि दर सांगितला: एका भोकाचे इतके, साहित्यासह, १० वर्षांची गॅरंटी. पांढऱ्या सिमेंटात हवे असेल तर थोडे जास्त पडतील, पण काका म्हणत होते की साहेबांना पांढरेच आवडेल.