झोप दोन ठिकाणी लिहू का, मॅडम?

मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय आणि तासिका तत्त्वावर टीवायबीएला शिकवते. संशोधनाचा विषय मुंबईतल्या कॉलेजच्या मुलामुलींचं मनःस्वास्थ्य. गेल्या महिन्यात वर्गात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम शिकवत होते. आत्महत्येसारख्या अगदी खासगी वाटणाऱ्या गोष्टीचाही माणसाच्या समाजाशी असलेल्या नात्याशी संबंध असतो, हे त्याने १८९७ साली आकडे मांडून दाखवलं. वर्ग एकदम गप्प झाला. मग मी कोरे कागद वाटले. म्हटलं, गोल काढा, चोवीस भाग करा आणि कालचा दिवस भरा.

कल्याणच्याही पुढच्या आसनगावहून येणारी एक मुलगी थांबली. "मॅडम, झोप दोन ठिकाणी लिहू का? गाडीतली वेगळी?"

घरची झोप साडेचार तास. पहाटे पाणी भरणं, डबा, गाडी, ७.२० चं लेक्चर, दुपारी दुकानात काम, घरी पोचेपर्यंत साडेनऊ. दुसऱ्या एका मुलाच्या घरी १६० चौरस फुटांत सहा जण राहतात. त्याच्या गोलात 'एकटा' असं लिहिलेली एकच बारीक फाक होती: स्टेशनच्या पुलावर कठड्याला टेकून काढलेली वीस मिनिटं. निळ्या बॉलपेनने ती इतकी गिरवली होती की कागदाच्या मागे उमटली होती. (दोघांना विचारूनच हे लिहितेय.)

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये सर्वात जास्त आपल्या महाराष्ट्रात. तरी स्टाफरूममध्ये ऐकू येतं, "आजकालची मुलं नाजूक झालीत." मला हे सहन होत नाही. साडेचार तासांच्या झोपेवर रोज आसनगावहून येणारी मुलगी नाजूक कशी? आणि तिचंच नाव ७५ टक्के हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये लागतं.

शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. पण आमच्याकडे समुपदेशक बसतात बारा ते चार, आणि सकाळची बॅच साडेअकराला कामाला पळालेली असते. ही वेळ ठरवताना एकाही विद्यार्थ्याला विचारलेलं नाही. समुपदेशक सकाळी सातला बसू शकतात. लायब्ररी रात्री आठपर्यंत उघडी राहू शकते. एखादी रिकामी खोली नुसती शांत बसायला देता येते. मन सांभाळायला आधी थोडा वेळ आणि थोडी जागा लागते, हे अडतीस गोल बघून माझं ठाम मत झालंय.

रात्री-अपरात्री कुणाला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहिलेला आहे, मी पुसू देत नाही.

पुढच्या आठवड्यात वेळापत्रक समितीची बैठक आहे. तासिकेवरच्या शिक्षकांना तिथे बोलावत नाहीत. नावं झाकून ते अडतीस कागद घेऊन मी जाणार आहे.