आल्प्समधली हॉटेलं सहा महिने कुलूप लावून श्रीमंत होतात म्हणे!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, 'आल्प्समधल्या हॉटेलमालकांचं गुपित'. त्यातलं गुपित असं: सहा महिने हॉटेल बंद ठेवा, माणसं घरी पाठवा, पगार वाचवा. डोंगर आणि बर्फ फुकट, त्यामुळे खर्च नाहीच. महागाई वाढली की भाडं वाढवा, पाहुणा देतो. भारतीयांमुळे तिकडे बारा महिने फुल्ल. सरकारकडून एक पैसा घेत नाहीत. रील टाका. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'हेच इगतपुरी-त्र्यंबकला करा, २०२७च्या कुंभात तिप्पट दर लावा.'

कुणा रिकामटेकड्याचं लिखाण म्हणून सोडून दिलं असतं. पण माझ्या मावसभावाचं घोटीच्या पुढे छोटं रिसॉर्ट आहे, आणि किचनमधल्या सगळ्यांना होळीनंतर 'आता जूनमध्ये या' असं सांगायचं त्याने ठरवलंय. का म्हणून विचारलं तर मोबाइल काढून हाच मेसेज पुढे केला. मी हॉटेलांचे हिशेब लिहून पोट भरतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी बंद ठेवण्याचं बघू. आल्प्समधली बरीच हॉटेलं वर्षातून दोनदा बंद असतात, हे खरं आहे. ईस्टरनंतर बर्फ वितळायला लागतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ना धड भटकंती ना स्की. गिऱ्हाईकच नसतं, म्हणून बंद. यात कसलं आलंय गुपित? बंद हॉटेलही पैसे खातंच. हप्ता चालू, विमा चालू. पाण्याच्या लाइन पूर्ण रिकाम्या करा, नाहीतर माणूस नसलेली इमारत गरम ठेवा, नाहीतर कडाक्याच्या थंडीत पाइप फुटणार. बारा महिन्यांचा बोजा सात-आठ महिन्यांच्या कमाईवर ओढायचा. म्हणूनच तिथे जाणते मालक सीझन दोन्ही बाजूंनी लांबवायच्या मागे असतात. केबल कार लवकर सुरू करा म्हणून कंपनीच्या मागे लागतात, डोंगरात सायकल चालवणारे आणतात, शरद ऋतूत कॉन्फरन्स घेतात. आणि हा मेसेजवाला शहाणा काय म्हणतो, तर आहे तो सीझनही आखडा.

माणसांचं तर त्याहून वाईट. स्वित्झर्लंडमध्ये हॉटेल-रेस्टॉरंटांना मालक आणि कामगार यांच्या संघटनांनी मिळून केलेला देशभर एकच सामूहिक करार लागू आहे. काहीही शिक्षण नसलेल्या माणसालाही २०२५ मध्ये महिन्याला ३,७०० फ्रँकच्या आसपास किमान पगार, वर्षाला पाच आठवडे भरपगारी रजा, वर तेरावा पगार, म्हणजे वर्षाला एक जादा महिन्याचा. सीझनपुरता ठेवलेला वेटरही यातून सुटत नाही, त्याला महिन्यांच्या प्रमाणात सगळं मिळतं. झेरमाट, सेंट मॉरिट्झसारख्या गावांत घरभाडी अशी की नोकरांच्या खोल्यांची सोयसुद्धा बऱ्याचदा मालकालाच बघावी लागते. एवढं करूनही माणसं मिळत नाहीत, ही तिथली कायमची रड. कोविडमध्ये दुसऱ्या धंद्यात गेलेले बरेच आचारी-वेटर परतलेच नाहीत. माणसं टिकवायची म्हणून ग्राउब्युंडेन या डोंगराळ स्विस प्रांतातली हिवाळी हॉटेलं आणि तिचिनो या तळ्यांच्या प्रांतातली उन्हाळी हॉटेलं यांनी आपसात माणसं वाटून घ्यायचा प्रयोग केला. थंडीत डोंगरावर, उन्हाळ्यात तळ्याकाठी, माणूस एकच.

नक्कल करायचीच असेल तर याची करा ना! घोटी-इगतपुरीचा सीझन पावसाळ्यात. गंगापूर धरणाकडच्या वाइनरी गजबजतात त्या द्राक्षं तोडायच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मार्च. दोन मालकांनी बसून ठरवलं तर एका आचाऱ्याची जवळजवळ वर्षाची सोय होते. मार्चमध्ये बिनपगारी घरी पाठवलेला आचारी जूनमध्ये परत येईल, हे भावाला कुणी सांगितलं? हाताला चव असलेल्या माणसाला मुंबई-आग्रा रोडवर दुसरं काम मिळायला दोन दिवस लागत नाहीत. आणि कुंभाच्या वर्षी तर जिल्ह्यातलं प्रत्येक हॉटेल आचारी शोधत फिरणार आहे.

'बर्फ फुकट' वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञान नियतकालिकात २०२३ मध्ये युरोपातल्या २८ देशांमधल्या २,२३४ स्की केंद्रांचा अभ्यास आला. तापमानवाढ २ अंशांवर गेली तर त्यातल्या ५३ टक्के केंद्रांना बर्फ पुरेसा न पडण्याचा फार मोठा धोका आहे, आणि ४ अंशांवर ९८ टक्क्यांना. निम्म्या उतारांवर यंत्राने बर्फ पाडला तर २ अंशांवरचा आकडा २७ टक्क्यांपर्यंत खाली येतो. पण त्या यंत्राला पाणी लागतं, वीज लागते, आणि हवाही पुरेशी थंड लागते, नाहीतर नुसतं पाणीच उडतं. तो खर्च स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या तिकिटात येतो, तिकीट महागलं की पाहुणा चारऐवजी तीन रात्री राहतो, आणि फटका हॉटेलला बसतो. फुकट म्हणे!

भाडं वाढवा, पाहुणा देतो? १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला १.२० फ्रँक ही धरून ठेवलेली मर्यादा सोडली आणि एका दिवसात फ्रँक जवळजवळ युरोच्या बरोबरीला आला. हॉटेलवाल्याने दरपत्रकाला हातही लावला नव्हता, तरी जर्मन कुटुंबाला तीच खोली एकदम महाग झाली. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात तसाच डोंगर स्वस्तात मिळत होता. आपल्याकडे तर तिप्पट दराची आणखी एक मेख आहे. तीन हजारांची खोली नऊ हजारांना लावली की ती साडेसात हजारांच्या वर जाते, म्हणजे जीएसटी पाचऐवजी अठरा टक्के. बिल बघून भाविक नाशिकमधल्या आत्याकडे उतरेल.

भारतीय पर्यटकांबद्दलचं अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एप्रिल ते जून एंगेलबर्ग, इंटरलाकेनला आपलीच गर्दी दिसते. २०२४ मध्ये स्विस हॉटेलांत ४ कोटी २८ लाख मुक्कामी रात्रींचा विक्रमही झाला. पण आपल्या ग्रुप टूर घासाघीस केलेल्या दरात येतात, एक-दोन रात्री राहतात, कित्येकदा स्वतःचा महाराज बरोबर आणतात. खोली भरते, पण किचन आणि बारची कमाई होत नाही. आणि जानेवारीत स्की करायला आपल्यातले कितीजण जातात?

रीलबद्दल माझं काही म्हणणं नाही, टाका.

'सरकारकडून एक पैसा घेत नाहीत' हे तर धडधडीत खोटं. स्वित्झर्लंडमध्ये मुक्कामावर व्हॅटचा खास दर ३.८ टक्के आहे, नेहमीचा ८.१. शिवाय डोंगराळ भागातल्या हॉटेलांना दुरुस्ती-नूतनीकरणासाठी कर्ज देणारी, सरकारी पाठबळावर चालणारी हॉटेल-कर्ज संस्था आहे. आपल्याकडे साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे खरा, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घ्यायची सोय, बंद. गाद्या, एसी, लाँड्री यांवर भरलेला कर आता सरळ खर्चात जातो. भावाला म्हटलंय, किचनला कुलूप लावण्याआधी हे आकडे घेऊन बस, आणि राज्याच्या २०२४च्या पर्यटन धोरणातली एखादी सवलत तुला लागू होते का ते बघ. अजून फोन आलेला नाही.