हातात दिवा घेतलेली ती हळदणकरांची गीता

दिवाळी जवळ आली की एक चित्र हमखास व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतं. अंधारात उभी असलेली साडीतली तरुणी, एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. खालचा मजकूर साधारण असा असतो: 'राजा रविवर्मा यांचं जगप्रसिद्ध तैलचित्र. चित्रातली स्त्री रविवर्म्यांच्या कल्पनेतली. म्हैसूरला हे चित्र अंधारात ठेवलंय, कारण त्यातला दिवा खरोखर उजळतो.' यातलं म्हैसूर तेवढं खरं आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

आधी रविवर्मा. त्यांचं निधन १९०६ साली झालं. चित्रातल्या मुलीचं नाव गीता. ती २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कोल्हापुरात वारली, तेव्हा तिचं वय १०२ वर्षांचं होतं. म्हणजे तिचा जन्म १९१६ च्या आसपासचा, रविवर्मा जाऊन दहाएक वर्षं उलटल्यानंतरचा. त्यांनी तिला कधी पाहिलंच नाही, पाहणं शक्यच नव्हतं. हा एवढा एक मुद्दासुद्धा पुरे आहे.

हे चित्र काढलं ते तिच्या वडिलांनी, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी. जन्म १८८२, सावंतवाडीचा. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकले, १९०८ साली स्वतःची चित्रशाळा काढली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत होते. व्यक्तिचित्रं ही त्यांची खासियत. हे चित्र 'ग्लो ऑफ होप' या नावानं ओळखलं जातं. आपल्या मातीतला एवढा मोठा माणूस, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र आपणच दुसऱ्याच्या नावावर लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घोटाळा झाला कसा हेही समजण्यासारखं आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या ज्या कलादालनात हे चित्र आहे, तिथेच रविवर्म्यांची अनेक अस्सल चित्रं टांगलेली आहेत. शिवाय रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरी आपल्याकडे घरोघरी पोचल्या होत्या. त्यामुळे साडीतली देखणी स्त्री, जुनी धाटणी आणि म्हैसूरचा राजवाडा असं सगळं एकत्र दिसलं की आपल्या तोंडी पहिलं नाव रविवर्म्यांचंच येतं. पण तोंडी येणं म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरा दावा तैलचित्राचा. चित्र जलरंगातलं आहे, आणि त्याचं खरं मोल तिथेच आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा रंग चढवता येतो. आधी गडद भाग रंगवून ज्योतीचा पांढरा ठिपका अगदी शेवटी ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात सगळं उलटं चालतं. तिथला उजेड म्हणजे खालचा कागद. जिथे प्रकाश हवा तिथे कागद पहिल्यापासून राखून ठेवायचा, त्याच्याभोवती पातळ थरांवर थर देत अंधार वाढवत न्यायचा, आणि एखादा फटकारा राखलेल्या जागेत शिरला की तो उजेड कायमचा गेला. आता ज्योतीला आडोसा धरणारा हात नीट बघा. बोटांच्या कडा उजेडानं लालसर झाल्यात, आपण विजेरीवर तळवा ठेवला की होतात तशा. तिथून तो उजेड चेहऱ्यावर आणि साडीच्या चुण्यांवर पसरत जातो आणि हळूहळू काळोखात विरतो. हे सगळं पाणी आणि कागदावर साधलेलं आहे. माध्यम एवढ्यावरून चित्रकार ठरत नाही, हे मान्य. पण ज्याला हे जलरंग आहेत हेच सांगितलेलं नाही, त्याला आपण काय पाहतोय हे कळणार तरी कसं?

दिवा 'खरोखर उजळतो' याचं उत्तरही इथेच मिळतं. मागे बल्ब नाही, की चकाकणारा रंग नाही. भोवती अंधार असला की रंगवलेला उजेड जास्त जाणवतो, इतकंच.

तिसरा दावा मला सर्वांत जास्त टोचतो: चित्रातली स्त्री काल्पनिक आहे. ती काल्पनिक नव्हती, हळदणकरांच्या घरातली लेक होती. दिवाळीत हातात दिवा घेतलेल्या गीताला वडिलांनी पाहिलं आणि चित्र सुचलं, अशी हकीकत घरातून सांगितली गेली आहे. त्या काळी घरंदाज बायका परक्या चित्रकारासमोर बसत नसत, म्हणून पुष्कळ चित्रकारांच्या चित्रांत त्यांच्या घरच्याच बायका-मुली दिसतात. त्यांची नावं मात्र बहुधा चित्राखाली येत नाहीत. खरं तर मॉडेल म्हणून उभं राहणं हे कष्टाचं काम. हात एकाच उंचीवर धरायचा, मान हलवायची नाही, साडीची घडी मोडू द्यायची नाही, आणि वडिलांचं मन भरेपर्यंत थांबायचं. ज्या निश्चल हातावर आपण 'वा' म्हणतो, त्यात वडिलांच्या कुंचल्याइतकाच लेकीचा धीरही आहे.

गीता पुढे लग्न होऊन उपळेकरांकडे आली. शंभरी पार केलेल्या गीताबाई कोल्हापुरात राहत होत्या. त्यांच्या भावानं, गजानन हळदणकरांनी, वडिलांची जलरंगाची वाट पुढे नेली. म्हणजे चित्रकार, मॉडेल, घराणं, गाव, सगळ्याची नोंद आहे. २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमीही दिली. तरी आपण त्याच बाईंना 'कल्पनेतली सुंदरी' म्हणत राहिलो.

यावर नेहमी येणारं उत्तर असं: 'चित्र सुंदर आहे ना? मग कुणाचं का असेना, काय फरक पडतो?' भावनेचं सोडा, व्यवहारात फरक पडतो. आपल्या कायद्यानं चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या कामावर स्वामित्वहक्क राहतो. रविवर्म्यांची चित्रं केव्हाच सर्वांसाठी खुली झाली. हळदणकर गेले १९६८ साली, म्हणजे त्यांच्या कामाची ही मुदत २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. खाली रविवर्म्यांचं नाव टाकलं, की कॅलेंडरवाल्यापासून साडीवर चित्र छापणाऱ्यापर्यंत कुणालाही वाटतं की चित्र फुकटात वापरता येतं. रविवर्म्यांच्या कीर्तीत यानं कणभरही भर पडत नाही. नुकसान होतं ते एकट्या हळदणकरांचं.

म्हणून आमच्या ग्रुपवर ते चित्र आलं की मी खाली एवढंच टाकते, तुम्हीही उचलून वापरा: 'चित्रकार सा. ल. हळदणकर, माध्यम जलरंग. चित्रात त्यांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर, कोल्हापूर.'