हीट मॅटला थर्मोस्टॅट लागत नाही म्हणे!

बॉल पायथन हा साप काचेच्या टाकीत पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. म्हणे टाकीखाली लावायची हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, कमी वॅटची असते, त्यामुळे थर्मोस्टॅटवर (तापमान मोजून मॅट आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर) पैसे घालवू नका, फारच वाटलं तर डिमर लावा, वर सबस्ट्रेट (टाकीच्या तळाशी पसरायचा थर) जाड टाका, आणि चटका बसला तर साप आपणहून सरकतोच. मॅट स्वस्त पडते, रात्री उजेड करत नाही, इथपर्यंत मान्य. पुढचं सगळं चूक.

आधी वॅटचं बघू. मॅटला डिग्री कळत नाही हो, ती फक्त उष्णता सोडत राहते, आणि ती किती जागेत पसरते अन् बाहेर किती निघून जाते त्यावर काच किती तापणार ते ठरतं. जानेवारीत पुण्यात खोली 18 डिग्रीला असताना काच 33 दाखवत असेल, तर मे महिन्यात 36 च्या खोलीत तीच मॅट साधारण पन्नाशीला जाणार, आणि तेव्हा तुम्ही ऑफिसात. बॉल पायथनला गरम बाजूला 31 ते 33 पुरे, थंड बाजूला 25 ते 27.

डिमर म्हणजे फॅनचा रेग्युलेटर. ताकद कमी करतो, तापमान नाही धरत. शिवाय आपल्याकडचं व्होल्टेज! 230 चं 250 झालं की मॅटची उष्णता 18 टक्के वाढते, 200 झालं की जवळपास पाव कमी होते, डिमर जिथे होता तिथेच. आणि कुणी अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून 110 व्होल्टची मॅट मागवून सरळ आपल्या सॉकेटला लावली तर उष्णता चौपटीपेक्षा जास्त, ती बहुतेक जळूनच जाईल, नशीब असेल तर टाकीला काही न होता.

जाड सबस्ट्रेट घातलं की वरून हाताला कोमट लागतं म्हणून लोक निश्चिंत होतात, पण उष्णता खाली कोंडते, काच अजून तापते, कधी तडकतेही, आणि साप उकरत उकरत नेमका त्या काचेवर जाऊन बसतो.

आता "साप सरकतोच". नाही सरकत. पोटावर भाजलेले साप डॉक्टरांकडे येतात ते उगाच का? त्याच्या ओठावरचे खड्डे समोरच्या उंदराची ऊब टिपतात, पोटाखालच्या काचेसाठी त्यांचा उपयोग नाही. त्यात लपायची जागा फक्त गरम बाजूलाच ठेवली असेल तर हा बुजरा प्राणी उघड्यावर येण्यापेक्षा तिथेच पडून राहतो. आधी खवले गुलाबी दिसतात, मग तपकिरी, मग फोड आणि इन्फेक्शन. दोन्ही बाजूंना लपायला जागा द्याच.

मग करायचं काय, तर मॅट तळाच्या एक तृतीयांश भागापुरतीच, टाकीखाली हवा खेळेल एवढी फट, आणि थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) मॅट आणि काचेच्या मध्ये टेपने पक्का. आत मोकळा सोडलात तर साप तो ढकलतो, प्रोब थंड हवा मोजतो आणि मॅट चालूच राहते. साप ठेवायच्या आधी एक दिवस रिकामी टाकी चालवा आणि सबस्ट्रेट बाजूला सारून टेम्परेचर गनने आतली काच मोजा, जास्त दाखवली तर सेटिंग खाली आणा. स्वस्त थर्मोस्टॅटचा रिले (आतला चालू-बंद करणारा स्विच) कधीकधी चालू अवस्थेतच चिकटतो, म्हणून अलार्मवाला वेगळा थर्मामीटरही ठेवा.