बारावी स्टेज

मागच्या रविवारी मिरजेला ताईकडे जेवायला गेलो होतो. हात धुऊन बसतोय तोवर भाचा (आठवीत आहे) लॅपटॉप घेऊन शेजारी आला आणि म्हणाला, "मामा, समज तुला सगळं विसरायला लावलं आणि एकच गेम परत पहिल्यांदा खेळायला दिला. कुठला घेशील?"

"प्रिन्स," मी म्हणालो. म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया, जुना कॉम्प्युटर गेम. विचारही करावा लागला नाही.

त्यानं ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. लगेच मोबाइल काढला, यूट्यूबवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला शेवटच्या स्टेजचा व्हिडिओ लावणार, तोच मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. जरा जोरातच घेतला. पोरगं दचकलं. ताई आतून बघायला आली, "अरे, काय झालं?" मला त्या दोघांना नीट सांगता आलं नाही. सांगलीला परत येताना गाडीवर तेच डोक्यात होतं. म्हणून लिहितोय.

आमची सुरुवात भाड्याच्या टीव्ही गेमवर झाली. मे महिन्यात सांगलीच्या गावभागातली आम्ही चार पोरं पैसे काढायचो आणि एका दिवसासाठी गेम घरी आणायचो. दोन रिमोट, एक बंदूक, एक पिवळी कॅसेट. अडॅप्टर तापला की अर्धा तास सगळं बंद. कॅसेटवर ९९९९ गेम असं छापलेलं असायचं. आत मोजून दहा-बारा, तेच फिरून फिरून यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडा, सर्कस. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची.

सकाळपासून आम्ही मारिओला त्या हिरव्या नळांवरून उड्या मारायला लावत होतो. नळ म्हणजे अडथळा, एवढंच आम्हाला ठाऊक. दुपारी एकाचा अंगठा चुकून खालच्या बटणावर पडला आणि मारिओ नळात गडप झाला. खाली काळोख, नुसती नाणीच नाणी, आणि गाणंसुद्धा वेगळं. आम्ही चौघं एकदम एवढ्यानं ओरडलो की शेजारच्या काकू धावत आल्या. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही दिसेल त्या नळावर बसून खालचं बटण दाबत होतो. (हे खालचं बटण लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.)

मारिओ १९८५चा. अख्खा गेम साधारण ४० केबीचा. जागा वाचवायला बनवणाऱ्यांनी ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच ठेवलं, फक्त रंग बदलला. हे मला पस्तिशीत कळलं. त्या रात्री फोनवर मारिओ लावून बघितलं तर खरंच की! शेकडो वेळा त्या ढगांखालून पळालो होतो आणि कधी दिसलं नव्हतं. मला मनापासून आनंद झाला. जुन्या गेममध्ये असं एखादं न उघडलेलं दार अजून शिल्लक असतं, त्यासाठी मी ते परत परत लावतो.

काही दारं मात्र कायमची बंद झाली. बदकांच्या गेमची ती बंदूक आठवते? घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. बंदूक फक्त तो उजेड ओळखायची. सगळा हिशोब जुन्या डबा टीव्हीच्या वेगाचा. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालतच नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या जुन्या घराचा खालचा मजला बुडाला, त्यात जुना टीव्ही आणि नंतर कधीतरी विकत घेतलेला कॅसेटचा डबा गेला. चिखल काढताना डबा हाताला लागला. कॅसेटचं मला फारसं वाटलं नाही, तेच गेम फोनवर मिळतात. टीव्हीचं वाटलं.

आता प्रिन्सबद्दल. ज्यांनी तो खेळलेला नाही आणि कधी ना कधी खेळायचा आहे, त्यांनी आउटर वाइल्ड्स या दुसऱ्या गेमचं नाव येईपर्यंत पुढचं सगळं सोडून द्या. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच सोडा.

१९९९चा उन्हाळा. मी सातवी संपवलेली. माझा चुलतभाऊ वालचंदला इंजिनिअरिंग करत होता आणि विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला होता. मॉनिटरवर झालरीचं कव्हर, कीबोर्डवर वेगळं कव्हर, आणि खोलीत शिरण्याआधी चप्पल बाहेर. मी गावभागातून भर उन्हात सायकल हाणत रोज जायचो. काकू भडंगाची वाटी द्यायच्या आणि दादा दर वेळी म्हणायचा, "हात पूस आधी." हळद-तेलाचे माझे डाग त्या बाणांच्या बटणांवर शेवटपर्यंत होते.

प्रिन्स म्हणजे साठ मिनिटं. तेवढ्यात राजकन्येपर्यंत पोचायचं, नाही तर संपलं. मधे खाली पडणाऱ्या फरश्या, जमिनीतून वर येणारे सुळे, माणसाचे दोन तुकडे करणारं ते कात्रीसारखं दार. पण मी सांगतोय ते चौथ्या स्टेजपासून सुरू होतं. बाहेर पडायचं दार उघडतं आणि परत येताना वाटेत एक आरसा उभा असतो. जाताना तो तिथं नव्हता. बाजूनं जायला जागा नाही. लांबून पळत येऊन त्याच्यात उडी घ्यायची. तुम्ही पलीकडे पडता आणि त्याच क्षणी आरशातून तुमची सावली उलट्या दिशेला उडी मारून पळून जाते. तुमच्या लाइफचा एकच लाल त्रिकोण उरतो. पुढं पाचव्या स्टेजला ती सावली तुमच्या डोळ्यांसमोर औषधाची बाटली पिऊन टाकते. सहाव्याला तुमच्या तोंडावर दार पाडते. हळूहळू तिचा राग यायला लागतो.

आणि बाराव्या स्टेजला ती समोर उभी राहते. तलवार काढून.

मी पण काढली. वार केला. तिचा एक त्रिकोण गेला, माझाही एक गेला. परत वार, परत दोघांचा एकेक. शेवटी तिला मारली आणि मी मेलो. असं दोन दिवस चाललं. मी मागून जायचा प्रयत्न केला, पळून बघितलं, शिफ्ट बडवून बडवून बोट दुखायला लागलं. दादा मागं कॉटवर पुस्तक घेऊन पडलेला. मी म्हणालो, "दादा, ही मरतच नाही रे." तो नुसतं "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आलो, "तुला माहिताय ना? सांग की." तो म्हणाला, "माहिताय. सांगणार नाही." आणि उठून गॅलरीत गेला.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडं एकच त्रिकोण उरला होता. सावलीकडंही एकच. आता वार केला तर परत मरणार, हे मला कळत होतं. घाबरून मी खालचं बटण दाबलं. त्या बटणानं तलवार म्यान होते. समोर सावलीनंही तलवार म्यान केली.

मी थांबलो. ती पण थांबली. पंखा तेवढा कुरकुरत होता. मग मी हळूच तिच्याकडं चालायला लागलो, ती माझ्याकडं. पडदा लखलखला आणि आम्ही एक झालो. पुढं दरी होती, पूल नाही. तरी मी पळालो, कारण आता थांबवत नव्हतं, आणि पायाखाली एकेक फरशी आपोआप उमटत गेली.

मी वळून बघितलं. दादाचं पुस्तक छातीवर पालथं पडलं होतं. तो कॉम्प्युटरकडं बघतच नव्हता, माझ्याकडं बघत होता.

हा गेम जॉर्डन मेकनर या पोरानं जवळजवळ एकट्यानं, १९८५ ते १९८९ अशी चार वर्षं घालून केला. स्वतःच्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चित्र त्यावरून गिरवलं. प्रिन्स पळताना इतका खरा वाटतो, कारण ते पळणं एका खऱ्या भावाचं आहे. संगीत वडिलांचं. आणि सावली? तो गेम ज्यावर बनत होता त्या ॲपल टू कॉम्प्युटरची मेमरी संपत आली होती. दुसऱ्या पात्राची चित्रं ठेवायला जागाच नव्हती. म्हणून प्रिन्सचीच चित्रं वापरून त्याचाच वैरी उभा केला. जागा नव्हती म्हणून सुचलेली गोष्ट त्या गेमचा जीव ठरली. मला विचाराल तर आजच्या शंभर शंभर जीबीच्या गेममध्ये एवढं मोठं काही मी क्वचित पाहिलं.

काही वर्षांपूर्वी इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर प्रिन्स ब्राउझरमध्येच खेळता येतो असं कळलं. एका रात्री लावला. बोटांना सगळं पाठ होतं. कुठली फरशी पडणार, कुठं सुळे येणार. बाराव्या स्टेजला सावली आली, मी न थांबता तलवार म्यान केली, पुढं गेलो. गेम संपला तेव्हा बरीच मिनिटं शिल्लक होती. मला काहीच झालं नाही. खोलीत पंख्याचा आवाजही नव्हता, एसी चालू होता.

त्या रात्री मी दादाला फोन केला. तो आता पुण्यात असतो. म्हटलं, "तू तेव्हा सांगितलं का नाहीस रे? दोन दिवस मी मरत होतो." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला वर्गातल्या एकानं फ्लॉपी देतानाच सांगून टाकलं होतं. बाराव्याला तलवार ठेवून दे म्हणून. मी तिथं पोचलो, ठेवली, संपलं. मला ते कधी झालंच नाही. तुला होताना बघायचं होतं."

चोवीस-पंचवीस वर्षं त्यानं हे सांगितलं नव्हतं.

म्हणून मी भाच्याचा फोन ओढला.

आता काही जण म्हणतील, यात एवढं काय, गेमच आहे. आणि दिवसभर दुकान किंवा नोकरी सांभाळून रात्री तासभर मिळतो, त्यात कोण दोन दिवस अडकून बसणार? हे मला पटतं. ज्याला वेळ नाही त्यानं व्हिडिओ बघावा, त्यात काही पाप नाही. मला चीड येते ती न विचारता सांगण्याची. गेम येऊन दोन दिवस होत नाहीत तोवर शेवट रीलमध्ये, व्हिडिओच्या बाहेरच्या चित्रावरच. आणि गेम बनवणारेसुद्धा आता पोरांवर विश्वास ठेवत नाहीत. कुठं चढायचं त्या कड्याला पिवळा रंग फासलेला, जरा थांबलं की पात्रच बोलून दाखवतं, ती शिडी बघ. अरे, बघू दे की त्याला! चुकू दे. कॉन्ट्राचा तो वर वर खाली खाली करून तीस लाइफ मिळवायचा कोड आम्हालाही गल्लीतल्या मोठ्या पोरानंच दिला होता. पण त्यानं लाइफ दिल्या, गेम आमचा आम्हालाच खेळायला लागला.

व्हाइस सिटी, रोड रॅश यांच्यावर माझं प्रेम आहे, पण ते विसरून परत खेळावेत असं मला वाटत नाही. रोड रॅशमध्ये पहिल्या दिवशी जी मजा होती ती शंभराव्या दिवशीही होती. लाथ मारली की गाडीवाला पडायचा, बस.

विसरून परत खेळण्यासाठीच जन्मलेला गेम माझ्या मते एकच, आउटर वाइल्ड्स. २०१९चा. मुळात एका विद्यार्थ्याचा कॉलेजातला प्रकल्प. एक छोटी सूर्यमाला, एक लाकडी-पत्र्याचं यान, बावीस मिनिटं. मग परत पहिल्यापासून. यात तुमची ताकद वाढत नाही, नवी हत्यारं मिळत नाहीत, यानही तेच राहतं. वाढतं ते फक्त तुम्हाला काय माहीत आहे ते. सगळं माहीत असलेला माणूस तो एका फेरीत, बावीस मिनिटांत संपवू शकतो. मला दीड महिना लागला. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसायचो. त्या गेमचं कुलूप म्हणजे तुमचं अज्ञान आणि किल्ली म्हणजे तुम्हाला कळलेली गोष्ट, एकदाच वापरायची. त्यातला एक ग्रह, एक शब्दही मी इथं लिहिणार नाही.

तोच मी भाच्याला लावून दिला. म्हटलं, प्रिन्स नंतर. अट एकच, यूट्यूब नाही. त्यानं नाक मुरडलं, "मामा, अडकलो तर?" मी म्हटलं, "तर अडक." पहिला तासभर मी शेजारी बसलो. यान कुठं आपटलं, कुठली पाटी न वाचता तो पुढं गेला, सगळं दिसत होतं. एकदा तर उत्तर अगदी त्याच्या डोक्यावर होतं आणि तो खाली बघत होता. माझ्या तोंडात शब्द आलाच होता. मी उठलो आणि ताईच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

काल रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. आवाज अगदी दबलेला, बहुतेक पांघरुणातून बोलत होता.

"मामा, मला काहीतरी सापडलंय. तुला माहीत असणार. पण आता काही बोलू नको. रविवारी ये, मी दाखवतो."